पुंगळीची मान का तडकली?

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला पावसाळा म्हणजे सक्तीची विश्रांती असे. रस्ते चिखलात बुडालेले, नद्या दुथडी भरलेल्या. मोहिमा आपोआप थांबत. मग दारूगोळा भिजू नये म्हणून पक्क्या छपराखाली हलवला जाई, आणि छावणीत असे छप्पर पुष्कळदा घोड्यांच्या पागेचेच असे. पाऊस उघडल्यावर पेट्या बाहेर काढाव्यात तर आतली कित्येक काडतुसे तडकलेली निघत. भेग बहुतेक वेळा एकाच जागी, गोळी जिथे पितळेत आवळून बसवलेली असते त्या मानेपाशी. ही काडतुसे कोणी उडवली नव्हती की आपटली नव्हती. गंजली म्हणावे तर पितळ गेल्या उन्हाळ्यात होते जवळजवळ तसेच चकचकीत होते. कोरड्या जागेत, पेटीत बंद, कोणी हात न लावता धातू आपोआप फाटला होता.

धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाणारी ही हकीकत आहे. वाळत ठेवलेल्या लाकडाला पडतात तशा या भेगा दिसत, म्हणून इंग्रजीत त्यांना 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. नाव मिळाले तरी कारण कळायला १९२१ साल उजाडावे लागले. ते कारण समजून घ्यायचे तर आधी पितळाला ठोकल्यावर आणि तापवल्यावर त्याच्या आत काय होते ते पाहिले पाहिजे. त्यासाठी काडतुसाच्या पुंगळीइतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही, कारण या बोटभर वस्तूत पितळाचे सगळे गुण आणि सगळे दुर्गुण एकाच वेळी कसोटीला लागतात.

फुगायचे, पण फुगून बसायचे नाही

काडतूस म्हणजेच गोळी असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा तुकडा. तिच्या मागे दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी (म्हणजे प्रायमर), आणि या सगळ्यांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. गोळीबाराच्या बातम्यांत पोलिसांना 'रिकाम्या पुंगळ्या' सापडतात त्या याच. रायफलीची पुंगळी साधारण लहान बाटलीच्या आकाराची असते: जाड, भरीव बूड, तिथून पुढे पातळ होत जाणारे अंग, मग उतरता खांदा आणि शेवटी अरुंद मान. ही पुंगळी नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या तिच्याच आकाराच्या पोकळीत बसते. या पोकळीला चेंबर म्हणतात. चेंबरचे तोंड मागून बोल्ट नावाच्या पोलादी दांड्याने बंद होते.

चाप ओढला की दारू पेटते आणि आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन ते चार हजार पट होतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून किंचित जास्त वेळात आटोपतो. तेवढ्या वेळात पुंगळीच्या पातळ अंगाने आणि मानेने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटायला हवे, नाहीतर तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येईल. बुडाने मात्र अजिबात फुगता कामा नये, नाहीतर टोपीचे घर सैल होईल. आणि दाब उतरताच फुगलेले अंग पुन्हा आकसले पाहिजे, नाहीतर पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसेल आणि पुढचे काडतूस भरताच येणार नाही.

रुतून बसण्याची भीती काल्पनिक नव्हती. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या सुरुवातीच्या पुंगळ्या पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या असत. १८८५ साली सुदानमधल्या अबू क्लीच्या लढाईत अशा पुंगळ्या तापलेल्या रायफलींत अडकल्या आणि त्याबद्दल बरेच काहूर उठले. त्यानंतर एकसंध पितळातून ओढून काढलेल्या पुंगळ्यांकडे सगळेच वळले.

तांबट आळीतला धडा

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून ज्यांनी चक्कर मारली आहे त्यांनी हातोड्यांचा ताल ऐकला असेल. हंड्याला मठारताना कारागीर काही वेळ ठोकतो, मग हात थांबवतो, भांडे भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, थंड करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. का, असे विचारले तर उत्तर मिळते, "धातू कडक झाला, आता ठोकला तर फुटेल." पुंगळीचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे.

धातूत अणू शिस्तीत, थरांवर थर असे रचलेले असतात. धातू वाकतो तेव्हा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. पण पूर्ण थर एकदम सरकत नाही. दिवाणखान्यातली मोठी सतरंजी सरकवायची असेल तर आपण ती अख्खी ओढत नाही. एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. अणूंच्या रचनेतही अशाच सुरकुत्या असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. त्या सरकतात म्हणून धातू मऊ. काचेत त्या अशा सरकू शकत नाहीत, म्हणून काच वाकत नाही, फुटते.

आता त्याच सतरंजीवर चारही बाजूंनी एकाच वेळी सुरकुत्या ढकला. त्या एकमेकींत अडकतील आणि सतरंजी हलेनाशी होईल. ठोकलेल्या धातूत नेमके हेच होते. नरम धातूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदातून साधारण दहा लाख ते दहा कोटी डिसलोकेशन्स जातात. भरपूर ठोकल्यावर हाच आकडा एक लाख कोटीपर्यंत चढतो. गुंता इतका वाढतो की धातू कडक होतो आणि शेवटी ठिसूळ. तापवले की अणूंना हालचाल करण्याइतकी ऊर्जा मिळते, गुंतलेल्या जुन्या स्फटिककणांच्या जागी नवे, बिनसुरकुतीचे कण वाढू लागतात आणि धातू पुन्हा नरम होतो. याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात, आणि नरम करण्याच्या या कृतीला कारखान्यात 'अॅनीलिंग'.

एक गैरसमज इथेच दूर करू. लाल पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते, तसे पितळही होत असेल असे विद्यार्थ्यांना वाटते, आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकांनाही. तांब्याचे किंवा पुंगळीच्या पितळाचे तसे होत नाही. पोलादाचा कडकपणा त्यातल्या कार्बनमुळे आणि स्फटिकरचना बदलल्यामुळे येतो. पितळात तसा बदलच घडत नाही. नरम केलेले पितळ हवेत थंड करा की पाण्यात, ते नरमच राहते.

सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त

पुंगळीच्या पितळात तांबे ७० टक्के आणि जस्त ३० टक्के असते. तांब्यात जस्त मिसळत गेले की मिश्रण अधिक मजबूत होते यात नवल नाही. नवल हे, की सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ते अधिक ताणलेही जाऊ शकते. एरवी धातूत ताकद वाढली की ताणले जाण्याचा गुण कमी होतो. इथे दोन्ही एकदम वाढतात.

याचे कारण असे, की जस्तामुळे डिसलोकेशनला आपला थर सोडून शेजारच्या थरावर जाणे अवघड होते. त्या लवकर अडकतात, म्हणून पितळ ताणता ताणता झपाट्याने कडक होत जाते. पत्रा ताणताना समजा एक जागा थोडी पातळ झाली. तर तीच जागा शेजारपेक्षा कडक होते, आणि पुढचा ताण मऊ असलेला शेजार सोसतो. पातळ जागा स्वतःचे रक्षण करते म्हणा ना! त्यामुळे पितळ न फाटता सगळीकडे सारखे ताणले जाते. जस्त आणखी वाढवले तर मात्र रचनाच वेगळी असलेले दुसरे, कठीण प्रकारचे स्फटिककण तयार होऊ लागतात. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झने पेटंट घेतलेले साठ-चाळीस पितळ असे आहे. ते गरम असताना उत्तम घडवता येते, थंड असताना नाही.

पुंगळी सुरू होते ती चकतीपासून. चकती दाबयंत्राखाली ठेवून तिची वाटी करतात. वाटी ओढून लांब, आणखी लांब, असे दोन-चार टप्प्यांत नळकांडे तयार होते. प्रत्येक टप्प्यानंतर भट्टी, आणि भट्टीतला काळपटपणा घालवायला आम्लाचे स्नान. तांबटाची पद्धतच, फक्त यंत्राने. शेवटी बूड थंड अवस्थेत जोराने दाबून घडवतात, म्हणून ते कडक होते आणि तसेच ठेवतात. मान आणि खांदा हेही थंड अवस्थेतच आवळून घडवतात, पण त्यांना नंतर ज्योतीवरून नेऊन नरम करतात. परिणामी सहा सेंटिमीटरच्या या वस्तूचे बूड मानेपेक्षा साधारण दुप्पट कठीण असते, आणि मधला कठीणपणा पायरीपायरीने उतरत जातो. आपल्या राज्यात खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना आणि भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना हे या उद्योगातले जुने जाणकार आहेत.

एक छोटे गणित

अंग कडक का हवे, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातून काढता येते. वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

पुंगळीचा बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर धरा. दाबाने ती फुगून चेंबरला चिकटते, आणि तेवढ्या दाबाने पोलादी चेंबरही किंचित फुगते. जाड भिंतीच्या नळीच्या सूत्राने हे फुगणे व्यासात सुमारे ०.०३५ मिलिमीटर येते. दाब उतरला की चेंबर पूर्ववत होते, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर आकसते. पुंगळी निदान तेवढी तरी आकसली पाहिजे.

ती किती आकसेल? धातू आपल्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे ताणला तर कायमचा ताणला जातो, पण बळ काढल्यावर थोडा मागे येतोच. हे मागे येणे म्हणजे त्या मर्यादेचे प्रतिबल भागिले यंगचा गुणांक. पितळाचा यंगचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल. कडक पितळाची मर्यादा ४०० मेगापास्कल धरली तर भागाकार ०.००३६, आणि १२ मिलिमीटर व्यासावर ०.०४३ मिलिमीटर. चेंबर ०.०३५ आकसले, पुंगळी ०.०४३. मध्ये केसापेक्षाही पातळ फट राहिली आणि पुंगळी सुटली.

आता हेच पितळ नरम असते तर? मर्यादा सुमारे १०० मेगापास्कल, आकसणे ०.०११ मिलिमीटर. चेंबर पुंगळीला घट्ट आवळून धरणार. पोलादाची पुंगळी केली तर? मर्यादा तीच ४०० धरली तरी पोलादाचा यंगचा गुणांक २०० गिगापास्कल, म्हणजे आकसणे फक्त ०.०२४ मिलिमीटर. पुन्हा अडचण. रशियन बनावटीच्या रायफलींत पोलादी पुंगळ्या वापरतात, त्यांना निमुळता आकार का दिलेला असतो याचे एक कारण इथे सापडते: निमुळती वस्तू जराशी मागे सरकली की सगळीकडून सुटते. पितळ निवडले गेले ते केवळ गंजत नाही म्हणून नव्हे. ताकदीच्या मानाने लवचीक असणे हा त्याचा खरा गुण.

आगीने घडवणे

अमेरिकेत रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरणे हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ अन्वये परवान्यावाचून काडतुसे बनवता येत नाहीत, आणि आमचा रोख त्या कृतीकडे नाहीही. पण या छांदिष्टांनी पितळाचा जो अभ्यास केला तो धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखा आहे. पी. ओ. अॅकली हे त्यांतले मोठे नाव. १९०६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या 'थर्टी-ऑट-सिक्स' काडतुसाचा खांदा साडेसतरा अंशांनी उतरतो आणि अंग निमुळते असते. अॅकलीच्या सुधारित आकारात खांदा ४० अंशांचा आणि अंग जवळजवळ सरळ, म्हणजे दारूला थोडी जास्त जागा.

असा आकार घडवायचा कसा? त्यांनी चेंबरच नव्या आकाराचे कोरले आणि त्यात साधे काडतूस उडवले. कारखान्यात जे काम साचा आणि दाबयंत्र करतात ते इथे चेंबर आणि वायू यांनी केले. आत गेली उतरत्या खांद्याची पुंगळी, बाहेर आली ताठ खांद्याची. याला इंग्रजीत 'फायर फॉर्मिंग' म्हणतात. आपण आगीने घडवणे म्हणू.

युक्ती साधी दिसते, पण तिच्यात एक सापळा आहे. काडतूस चेंबरमध्ये पुढेमागे हलण्याइतके सैल असेल तर काय होईल? चापाचा टोचा त्याला पुढे ढकलतो. दाब चढतो तेव्हा पुढचे पातळ अंग आधी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला गच्च धरते. जाड बूड मात्र फुगत नाही; दाब त्याला मागे, बोल्टकडे रेटतो. पुढचा भाग जागचा हलेना आणि मागचा मागे चाललेला, अशा ओढाताणीत बुडाच्या किंचित पुढे पितळ लांबते आणि पातळ होते. बाहेरून तिथे कधी एक चमकदार कडे दिसते, कधी तेही दिसत नाही. तीच पुंगळी पुन्हा वापरली की एखाद्या वेळी त्या कड्यावर ती दुभंगते आणि हजारो वातावरणांच्या दाबाचा वायू मागे सुटतो. यात नेमबाजाचे डोळे जाऊ शकतात. म्हणून अॅकलीच्या चेंबरमध्ये मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी मुद्दाम आखूड ठेवतात. बोल्ट बंद करताना साधे काडतूस तिथे जरासे दाबले जाते, बूड बोल्टला टेकून राहते, आणि जे ताणायचे ते फक्त खांद्याशी ताणले जाते.

खांद्याशी तरी पितळ न फाटता ताणले जाईल का, हे त्या पितळाचा पूर्वेतिहास ठरवतो. तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली की दर खेपेला मान फुगते, मग साच्यात घालून ती आवळतात, पुन्हा फुगते. प्रत्येक खेपेला डिसलोकेशनचा गुंता वाढतो आणि एके दिवशी मान उभी चिरते. त्याआधी ती नरम करावी लागते. जुनी रीत अशी: परातीत पुंगळ्या उभ्या करायच्या, निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरायचे आणि वर आलेल्या मानांना ज्योत दाखवायची. पाणी आहे तोवर बूड शंभर अंशांवर जात नाही. इथले पाणी मानेला कडक करण्यासाठी किंवा नरम करण्यासाठी नसून उष्णतेला बुडाकडे जाऊ न देण्यासाठी असते. बूड नरम झालेली पुंगळी ही नुसती वाया गेलेली पुंगळी नव्हे, ती धोकादायक पुंगळी आहे. सगळ्या पुंगळ्या एकदम ओव्हनमध्ये ठेवाव्यात हा आळशी विचार म्हणूनच घातक.

तापमान आणि वेळ यांचा इथे सौदा असतो. भरपूर ठोकलेले पितळ ३०० अंशांच्या आसपास नरम व्हायला लागते, पण हळूहळू. ५०० अंशांना काही सेकंद पुरतात. फार तापवले तर कण मोठे वाढतात आणि मग तो धातू ताणला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. २५० अंशांच्या आसपास तासभर ठेवले तर आणखी वेगळीच गोष्ट घडते. कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, पण धातूत दडलेला ताण निघून जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, आता त्याची गरज पडणार आहे.

पुन्हा पागेत

ताण दडतो म्हणजे काय? थंड अवस्थेत ओढलेल्या किंवा आवळलेल्या पितळाचे सगळे भाग सारखे ताणले जात नाहीत. बळ काढल्यावर जास्त ताणलेला भाग कमी ताणलेल्याला रेटतो, कमी ताणलेला त्याला ओढतो, आणि बाहेरून शांत दिसणाऱ्या वस्तूत ही रस्सीखेच कायमची चालू राहते. याला अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. काडतुसाच्या मानेत त्यात आणखी भर पडते ती आत घट्ट बसवलेल्या गोळीची. बोटावर चढवलेल्या रबरी कड्यासारखी मान परिघाच्या दिशेने सतत ताणलेली असते. भेग ताणाला काटकोनात पडते, म्हणून मान आडवी तुटत नाही, उभी चिरते. (भेग उभी का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना आधी विचारून पाहावा.)

पण हा ताण उन्हाळ्यातही होताच. मग पावसाळ्यातच, पागेतच भेगा का? मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली याचे उत्तर दिले: अमोनिया. घोड्याच्या मुतात युरिया असतो, आणि जमिनीतले जिवाणू त्याचे विघटन करून अमोनिया सोडतात. तबेल्यात शिरल्यावर डोळ्यांत झोंबतो तो हाच वायू. पावसाळ्यातल्या दमट हवेत पितळावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा बसतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तो तांब्यावर काम करू लागतो. कॉपर सल्फेटच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंग प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिलेला आहे. तांब्याला अमोनियाची किती ओढ आहे याची ती खूण.

नुसता अमोनिया पितळाला थोडासा खाईल, एवढेच. नुसता ताण वर्षानुवर्षे निमूट बसून राहील. दोघे एकत्र आले की मात्र क्षरण सगळ्या पृष्ठभागावर पसरण्याऐवजी दोन स्फटिककणांमधल्या सांध्यांत शिरते, ताण तो सांधा उघडतो, उघडलेल्या जागी नवे पितळ उघडे पडते, त्यावर पुन्हा अमोनिया. म्हणून बाहेरचे पितळ चकचकीत आणि आत चीर खोल गेलेली. सांधा पुढे नक्की कसा फुटतो, आधी तिथे ठिसूळ पापुद्रा तयार होतो की तांबे सरळ विरघळते, यावर संशोधकांत वाद झाले आहेत. शुद्ध तांब्याला हा रोग जवळजवळ होत नाही. जस्त १५ टक्क्यांच्या वर गेले की धोका वाढत जातो. म्हणजे ज्या जस्ताने पितळाला ताणण्याचा गुण दिला, त्यानेच हा दुबळेपणाही दिला.

कारण कळल्यावर उपाय सोपा होता. दारूगोळा घोड्यांपासून दूर ठेवायचा, आणि पुंगळीतला ताण मंद उष्णतेने आधीच काढून टाकायचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा हा तापवल्याचाच डाग आहे. अमेरिकी लष्करी काडतुसांवर तो मुद्दाम पुसला जात नाही, म्हणजे तपासणाऱ्याला मान तापवली होती की नाही ते एका नजरेत कळते.

शाळेत काय करता येईल

पहिला प्रयोग अगदी बिनखर्ची. जाड तांब्याच्या किंवा पितळेच्या तारेचे एका मापाचे तुकडे घ्या. एक तुकडा तुटेपर्यंत पुढेमागे वाकवा आणि किती वेळा वाकला ते मोजा. दुसरा तितक्याच्या निम्म्या वेळा वाकवा, बर्नरवर लालसर होईपर्यंत तापवा, पाण्यात थंड करा आणि पुन्हा वाकवायला घ्या. मोजणी पहिल्यापासून सुरू झाल्यासारखी वाटेल. तिसरा तुकडा तसाच तापवून हवेत थंड करा. पाण्याच्या गैरसमजाचा निकाल तिथेच लागेल.

दुसरा प्रयोग थोडा जपून, आणि शिक्षकांनी स्वतः करायचा. कडक पितळी पत्र्याची अरुंद पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा आणि दोन्ही टोके तारेने आवळून बांधा. तशीच दुसरी पट्टी वाकवून मग तापवा, थंड झाल्यावर बांधा, पण न आवळता. तिसरी सरळच ठेवा. तिन्ही पट्ट्या एका मोठ्या बरणीत, तळाशी थोडे अमोनियाचे द्रावण घालून, द्रावणाला न लागतील अशा टांगा आणि झाकण लावा. बरणी उघड्या व्हरांड्यात ठेवावी आणि उघडताना तोंड लांब धरावे, कारण अमोनिया डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे. एका दिवसापासून काही दिवसांपर्यंत वाट पाहावी लागेल. आवळलेल्या पट्टीच्या बाकावर बाहेरच्या बाजूने चिरा पडायला हव्यात. कारखान्यात हीच तपासणी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणाने काही मिनिटांत करत. पाऱ्याचे क्षार विषारी आहेत, शाळेत ते आणूच नयेत.

आमच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी गॅसच्या नळीवरचे एक पितळी नट मधोमध चिरले. गॅसची गळती वासाने कळली म्हणून बरे. नट कोणी जास्त आवळले यावरून दोघा सहकाऱ्यांत बरीच वादावादी झाली. शेवटी नट कापून, घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर चीर स्फटिककणांच्या सांध्या-सांध्यांतून वळणे घेत गेलेली. नटाच्या वरच्याच फळीवर अमोनियाच्या बाटल्या होत्या, एकीचे झाकण सैल होते, आणि महिना जुलै होता. आवळणाराही निर्दोष नव्हताच. ताण त्याने दिलेला होता. आता त्या बाटल्या खिडकीपाशी वेगळ्या कपाटात असतात, आणि पितळी सामान पुसायला आणलेले अमोनियायुक्त पॉलिशही आम्ही त्याच कपाटात बंद करून टाकले आहे.